संकेतस्थळांची सुगम्यता : यंत्राची तपासणी आणि माणसाची पारख

शासनाचे कार्यालय म्हटले की पूर्वी डोळ्यांसमोर एक इमारत उभी राहत असे. तिचा दरवाजा, तिच्या पायऱ्या, सूचना फलक आणि खिडकीपलीकडे बसलेला कर्मचारी, असे ते चित्र होते. गेल्या काही वर्षांत या इमारतीशेजारी दुसरे एक कार्यालय उभे राहिले आहे. त्याला भिंती नाहीत व सुटीचा दिवस नाही. ते म्हणजे संकेतस्थळ. सात-बाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, शासन निर्णयाची प्रत अशा अनेक गोष्टी आज नागरिक या दुसऱ्या कार्यालयातून मिळवितो. सोलापूरसारख्या अकरा तालुक्यांच्या विस्तीर्ण जिल्ह्यात या सोयीचे महत्त्व विशेष आहे. करमाळ्याच्या टोकाच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यायचे म्हणजे मजुराचा एक दिवस मोडतो, आणि चालता न येणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या माणसाबरोबर तर आणखी एका माणसाचा दिवस मोडतो.

म्हणूनच एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयास हवा. या दुसऱ्या कार्यालयालाही पायऱ्या आहेत काय? इमारतीच्या पायऱ्या सर्वांना दिसतात. तेथे उतरंड नसेल तर कोणीतरी बोट दाखवितो. संकेतस्थळाच्या पायऱ्या मात्र ज्याला अडतात त्यालाच जाणवतात. त्या शोधण्यासाठी आता संगणकाचीच मदत घेतली जाते. ही स्वयंचलित तपासणी म्हणजे काय, ती काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही आणि तिच्यापुढे माणसाने कोणते काम करावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुगम्यता आणि वापरसुलभता

येथे दोन संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट होईल. सुगम्यता म्हणजे दिव्यांग व्यक्तीलाही संकेतस्थळावरील माहिती मिळविता येणे व तेथील व्यवहार पुरा करता येणे. वापरसुलभता म्हणजे तो व्यवहार करताना कोणाही नागरिकाची अडचण न होणे, चुका न होणे आणि वेळ वाया न जाणे. पहिलीत प्रवेशाचा प्रश्न आहे, दुसरीत सुखरूप पार पडण्याचा. दोहोंचे नाते निकटचे असले तरी त्या एक नव्हेत. दाराला उतरंड आहे, पण आत कोणत्या खिडकीवर जावयाचे ते कळत नाही, अशी स्थिती असू शकते.

एक उदाहरण घेऊ. समजा, मंगळवेढे तालुक्यातील एका अंध तरुणाला शासकीय योजनेसाठी अर्ज करावयाचा आहे. तो भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडर वापरतो. हा कार्यक्रम पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवितो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए हा असाच एक मोफत कार्यक्रम असून त्याला मराठी मजकूरही वाचता येतो. तरुण अर्जाच्या पानावर येतो. पहिल्या चौकटीवर आवाज येतो, "संपादन, रिक्त." म्हणजे येथे काहीतरी लिहावयाचे आहे, पण नाव की आधार क्रमांक, हे कळत नाही. डोळस माणसाला चौकटीच्या डाव्या बाजूला "अर्जदाराचे संपूर्ण नाव" असे छापलेले दिसते. परंतु ते शब्द त्या चौकटीशी जोडलेले नसल्याने यंत्राला तो संबंध कळत नाही. पुढे वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची परीक्षा आहे, पण तिला आवाजाचा पर्याय नाही. अर्जाची मुदत आजच संपत आहे. तो अर्ज दाखल होत नाही. कोणत्याही नोंदवहीत "अर्ज नाकारला" अशी नोंद होत नाही, कारण अर्ज आलेलाच नसतो.

या प्रश्नाचा व्याप लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. शिवाय मोतीबिंदू झालेले वृद्ध, हात कापणारी आजी, उन्हात उभे राहून भ्रमणध्वनीचा पडदा पाहणारा शेतकरी आणि मराठी नुकतीच वाचू लागलेला विडी कामगार या सर्वांनाही सुगम संकेतस्थळाचा लाभ होतो.

नियमांची वाटचाल

इंटरनेटवरील वर्ल्ड वाइड वेबचे तांत्रिक मानदंड ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या आंतरराष्ट्रीय संस्थेने मे १९९९ मध्ये सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत १४ तत्त्वे होती. दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. तिच्यानंतर २.१ ही आवृत्ती जून २०१८ मध्ये आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीपासून सर्व नियम चार सूत्रांखाली मांडलेले आहेत. मजकूर कोणत्या तरी ज्ञानेंद्रियाने ग्रहण करता आला पाहिजे; पान चालविता आले पाहिजे; ते समजले पाहिजे; आणि निरनिराळ्या उपकरणांवर ते टिकले पाहिजे. प्रत्येक कसोटीला ए, डबल-ए व ट्रिपल-ए अशा तीन पायऱ्यांपैकी एक पायरी दिलेली असते. शासकीय संकेतस्थळांसाठी सामान्यतः डबल-ए ही पायरी गाठणे अपेक्षित असते.

आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली भारतीय शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४२ अन्वये माहिती व संदेशवहनाची साधने दिव्यांगांना सुगम करण्याची जबाबदारी शासनावर आहे. भारतीय मानक ब्युरोने आयएस १७८०२ हे मानकही या विषयासाठी निश्चित केले आहे.

न्यायालयांनीही या विषयाची गंभीर दखल घेतली आहे. राजीव रतुरी प्रकरणी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असणे अधिनियमाशी विसंगत ठरविले आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर प्रज्ञा प्रसून प्रकरणी ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला व डोळ्यांना इजा झालेल्या आणि अंध अशा व्यक्तींना ओळख पडताळणीत येणाऱ्या अडचणी या प्रकरणाच्या मुळाशी होत्या. "पापणी लववा" असे यंत्राने सांगितले, पण ज्याला पापणी लवविता येत नाही त्याने काय करावे? या एका प्रश्नात सर्व विषयाचे सार आले आहे.

यंत्र तपासते कसे?

संकेतस्थळाचे पान आपल्याला चित्र व अक्षरे या रूपात दिसते. संगणकापुढे मात्र ते खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या रूपात असते. येथे शीर्षक, येथे परिच्छेद, येथे चित्र, येथे अर्जाची चौकट, अशा त्या खुणा होत. स्वयंचलित परीक्षक हा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचतो आणि प्रत्येक खुणेला ठरावीक प्रश्न विचारतो. चित्र असेल तर त्याला पर्यायी मजकूर दिला आहे काय? चौकट असेल तर तिला लेबल जोडले आहे काय? दुवा असेल तर त्यात शब्द आहेत काय? पानाची भाषा नोंदविली आहे काय? उत्तर नकारार्थी आले की तो त्या ओळीवर दोष नोंदवितो. हजार पानांचे संकेतस्थळ असले तरी हे काम तो न कंटाळता करतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करतो. माणसाला हे साधणारे नाही.

या प्रकारचे पहिले गाजलेले साधन अमेरिकेत १९९६ च्या सुमारास तयार झाले. त्याचे नाव बॉबी. इंग्लंडमधील पोलीस शिपायाला लोक प्रेमाने ज्या नावाने हाक मारतात तेच हे नाव, आणि त्याचे चिन्हही शिपायाचेच होते. पुढे वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस अशी साधने आली. यांपैकी अनेक मोफत असून साध्या ब्राउझरमध्ये चालतात. आरंभीच्या साधनांत नियम कार्यक्रमाच्या आतच पक्के बांधलेले असत. नियम बदलला की कार्यक्रमही नव्याने लिहावा लागे. या अडचणीवर बेल्जियममधील लूव्हाँ व नामूर येथील विद्यापीठांतील संशोधकांनी २००२ च्या सुमारास एक उपाय मांडला. नियम वेगळे लिहावेत, तपासणारा कार्यक्रम वेगळा असावा, म्हणजे नियम सुधारला तरी यंत्र तेच राहील. अधिनियम एक व त्याखालील नियम वेगळे ठेवण्याची आपली प्रशासकीय पद्धत ज्यांना परिचित आहे त्यांना या कल्पनेचे मोल चटकन पटेल. डब्ल्यू-थ्री-सी संस्थेनेही २०१९ मध्ये तपासणीचे नियम लिहिण्याचा एक समान नमुना स्वीकारला. एकाच पानाला एका साधनाने उत्तीर्ण व दुसऱ्याने अनुत्तीर्ण ठरवू नये, हा त्यामागील हेतू होय.

एक गणित : अक्षराचा व पार्श्वभूमीचा उजळपणा

यंत्राला उत्तम जमणारी तपासणी कोणती, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. अक्षर आणि त्यामागील पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावतीला काँट्रास्ट म्हणतात. तो काढण्याचे सूत्र असे आहे. प्रत्येक रंगाला उजळपणाचा एक अंक असतो. काळ्याचा ० आणि पांढऱ्याचा १. दोन रंगांपैकी अधिक उजळ रंगाच्या अंकात ०.०५ मिळवावेत, कमी उजळ रंगाच्या अंकातही ०.०५ मिळवावेत आणि पहिल्या बेरजेला दुसरीने भागावे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर १.०५ भागिले ०.०५ म्हणजे २१ हे उत्तर येते. हा सर्वोच्च काँट्रास्ट होय. साध्या आकाराच्या अक्षराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षराला किमान ३ काँट्रास्ट असावा, असा डबल-ए पायरीचा नियम आहे.

आता आपल्याकडील आवडीचा रंग घ्या. राष्ट्रध्वजातील केशरी पट्ट्याच्या जवळची जी छटा संगणकावर वापरतात, तिचा उजळपणा सुमारे ०.४४ आहे. त्या पट्टीवर पांढरी अक्षरे छापली तर १.०५ भागिले ०.४९ म्हणजे सुमारे २.१ एवढाच काँट्रास्ट मिळतो. तो मोठ्या अक्षरालाही अपुरा आहे. त्याच पट्टीवर काळी अक्षरे छापली तर काँट्रास्ट सुमारे ९.९ होतो. पट्टी तीच, शोभाही तीच. फक्त अक्षराचा रंग बदलला की मोतीबिंदू असलेल्या आजोबांना ती ओळ वाचता येते. एक रुपयाही खर्च न करता होणारी ही सुधारणा आहे.

हा दोष किती सार्वत्रिक आहे, हे अमेरिकेतील वेबएम या संस्थेच्या पाहणीवरून दिसते. ही संस्था २०१९ पासून जगातील १० लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे दरवर्षी यंत्राने तपासते. २०२४ च्या पाहणीत ९५.९ टक्के मुखपृष्ठांवर यंत्राला सापडतील असे दोष होते. ८१ टक्के पानांवर अक्षरे फिकट होती, ५४.५ टक्के पानांवर चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता आणि ४८.६ टक्के पानांवर अर्जाच्या चौकटींना लेबले नव्हती. विशेष म्हणजे सापडलेल्या सर्व दोषांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक दोष अवघ्या सहा प्रकारांत मोडत होते. म्हणजे रोग जुनाट असला तरी त्याची कारणे मोजकी आहेत.

यंत्र कोठे थांबते?

सोलापूरच्या चादरीची पारख करणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. एका इंचात धागे किती, वजन किती, रंग धुतल्यावर टिकतो काय, हे मोजता येते. परंतु थंडीच्या रात्री ती चादर ऊब देते की नाही, हे अंगावर घेतल्यावाचून कळत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे.

यंत्र चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे सांगते. तो मजकूर खरा आहे की नाही हे सांगू शकत नाही. टंचाईग्रस्त गावांच्या नकाशाखाली "छायाचित्र १" एवढेच लिहिले असले तरी बहुतेक साधनांच्या दृष्टीने ती अट पूर्ण होते. अंध नागरिकाला मात्र त्यातून काहीच मिळत नाही. दुव्यात शब्द आहेत हे यंत्राला दिसते. पण एकाच पानावर "येथे क्लिक करा" असे वीस दुवे एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला कोणता दुवा कोठे नेतो हे कळत नाही, हे यंत्राच्या लक्षात येतेच असे नाही. "लाल रंगातील रकाने भरणे अनिवार्य आहे" या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही, खुणेचा दोष नाही. दोष एवढाच की लाल-हिरवा भेद न कळणाऱ्याला ते वाक्य निरुपयोगी आहे.

ब्रिटिश शासनाच्या डिजिटल सेवा विभागाने २०१७ मध्ये एक उद्बोधक प्रयोग केला. त्यांनी सुमारे १४० अडथळे मुद्दाम पेरून एक पान तयार केले आणि ते निरनिराळ्या स्वयंचलित साधनांकडून तपासून घेतले. सर्वांत चांगल्या साधनालाही सुमारे ४० टक्केच अडथळे सापडले, आणि जवळजवळ तीन-दशांश अडथळे कोणत्याच साधनाला सापडले नाहीत. यावरून साधने टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. "दोष आढळला नाही" या अहवालाचा अर्थ "दोष नाही" असा होत नाही, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा आहे. शाळा तपासणीत हजेरीपट पूर्ण असणे आणि मुलांना वाचता येणे या जशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तशाच याही.

मराठीचे स्वतःचे प्रश्न

बहुतेक साधने इंग्रजी पाने डोळ्यांसमोर ठेवून घडलेली आहेत. त्यामुळे मराठी पानांच्या बाबतीत काही गोष्टी आपल्यालाच पाहाव्या लागतात.

पहिला प्रश्न जुन्या टंकांचा. युनिकोडपूर्वीच्या कृतीदेवसारख्या टंकांत पडद्यावर मराठी अक्षर दिसत असले तरी आत इंग्रजी अक्षर साठविलेले असते. त्या पद्धतीने टंकलेला "मराठी" हा शब्द संगणकाच्या दृष्टीने "ई, जे, के, बी, एच" अशी इंग्रजी अक्षरांची ओळ असते, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. यंत्र म्हणते, मजकूर आहे. कान म्हणतो, मराठी नाही. जुन्या परिपत्रकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच यावरील उपाय आहे.

दुसरा प्रश्न छायाप्रतींचा. स्वाक्षरी झालेला कागद स्कॅन करून पीडीएफ रूपात चढविला की काम झाले, असा समज आहे. परंतु ती फाइल म्हणजे कागदाचे छायाचित्र असते. तिच्यात एकही अक्षर नसते. अंध शिक्षकाला ती कोरी ऐकू येते, आणि शोधयंत्रालाही तिच्यातील शब्द सापडतीलच असे नाही. संगणकावर टंकलेली मूळ फाइल थेट पीडीएफमध्ये जतन करून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी केली तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

तिसरा प्रश्न भाषेच्या खुणेचा. पान मराठी आहे अशी खूण असेल तर स्क्रीन रीडर मराठी उच्चार निवडू शकतो. इंग्रजी पानाचा साचा तसाच ठेवून त्यात मराठी मजकूर भरला आणि खूण इंग्रजीचीच राहिली, तर उच्चार बिघडतो किंवा मजकूर गाळला जातो. यंत्र खूण आहे एवढेच पाहून समाधान मानते. सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे नागरिक मोठ्या संख्येने आहेत. एखाद्या आरोग्यविषयक सूचनेत या चारही भाषा एकाच पानावर आल्या तर प्रत्येक तुकड्याला त्याच्या भाषेची खूण हवी, आणि उर्दूला उजवीकडून डावीकडे वाचण्याची दिशाही द्यावयास हवी.

चौथा प्रश्न अक्षरांच्या बांधणीचा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळजवळ ठेवल्या तर वरच्या मात्रा कापल्या जातात. पान दुप्पट मोठे करून पाहिल्यास हा दोष चटकन दिसतो. याच जातीचा एक दोष अर्जात आढळतो. पिन कोड "४१३००१" असा मराठी अंकांत लिहिला की काही अर्ज तो नाकारतात, आणि नाकारण्याचे कारणही सांगत नाहीत. ज्या राज्याचा कारभार मराठीत चालतो तेथे मराठी अंक चूक ठरू नयेत.

पाचवा प्रश्न भाषेच्या सोपेपणाचा. वाक्याची लांबी व शब्दांतील अवयव मोजून मजकूर किती कठीण आहे हे ठरविणारी सूत्रे इंग्रजीसाठी बनविलेली आहेत. ती मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. "उपरोक्त संदर्भाधीन प्रकरणी सदर बाब विचाराधीन आहे" हे वाक्य आखूड आहे. पण ते कळण्यासाठी कार्यालयात काही वर्षे काढावी लागतात. "आपला अर्ज अजून तपासला जात आहे" हे त्याच अर्थाचे वाक्य कोणालाही कळते. हा फरक ओळखणे अद्याप माणसाचेच काम आहे.

साचा आणि मजकूर

सोलापूर जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ इतर अनेक जिल्ह्यांप्रमाणे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या समान साच्यावर उभे आहे. या साच्यात अक्षर लहान-मोठे करण्याची, काँट्रास्ट बदलण्याची व थेट मुख्य मजकुरावर जाण्याची सोय मुळातच दिलेली असते. साचा तज्ज्ञांनी एकदा घडवावयाचा आणि सर्वांनी वापरावयाचा, ही पद्धत काटकसरीची व हिताची आहे. परंतु साचा सुगम असला म्हणजे त्यात भरलेला मजकूर सुगम होतोच असे नाही. छायाचित्राखालील ओळ, जाहिरातीची पीडीएफ, निविदेचा तक्ता, तातडीची सूचना हे सारे दररोज स्थानिक कर्मचारी भरत असतो. घर शासनाने उतरंडीसह बांधून दिले. उतरंडीवर खुर्च्या रचून न ठेवणे हे वापरणाऱ्याच्या हाती आहे.

कृतीचा क्रम

कोणत्याही कार्यालयाला, शाळेला वा ग्रामपंचायतीला पुढील क्रमाने काम करता येईल.

प्रथम यंत्र. महिन्यातून एकदा एखाद्या मोफत साधनाने मुखपृष्ठ, अधिक वापराचे अर्ज व नुकतीच चढविलेली पाने तपासावीत. सापडलेले दोष प्रकारवार लिहून ठेवावेत. गुणांच्या मागे लागू नये. मागील महिन्याचा कोणता दोष गेला आणि कोणता नवा आला, हे पाहावे.

नंतर हात. माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकावरील टॅब व एंटर या कळांनी संपूर्ण अर्ज भरून पाहावा. जिल्हा, तालुका व गाव निवडताना आपण पानावर कोठे आहोत हे दिसते काय? एखाद्या चौकटीत अडकून पडावे लागते काय? या तपासणीला विशेष ज्ञान लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

त्यानंतर कान. संगणकावर स्क्रीन रीडर सुरू करून डोळे मिटून तेच पान ऐकावे. शीर्षकावरून शीर्षकावर जाता येते काय, चौकटीचे नाव ऐकू येते काय, चूक झाल्यास ती कोणती हे सांगितले जाते काय, याची नोंद करावी.

आणि अखेरीस, परंतु सर्वांत महत्त्वाचे, माणूस. ज्यांच्यासाठी हे करावयाचे त्यांनाच शेजारी बसवावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये असे प्रतिपादन केले की, पाच व्यक्तींना प्रत्यक्ष काम करताना पाहिले तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. त्यांना "संकेतस्थळ आवडले काय?" असे विचारू नये. "उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करा" असे एक काम द्यावे, मधे बोलू नये, आणि ते कोठे थबकतात ते पाहावे. या पाच जणांत एक अंध व्यक्ती, एक वृद्ध, एक हाताच्या हालचालीला मर्यादा असलेली व्यक्ती, एक कर्णबधिर व्यक्ती आणि एक अल्पशिक्षित गृहिणी असावी. प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निर्देशांतही ठरावीक काळाने प्रशिक्षित तज्ज्ञांकडून सुगम्यतेचे परीक्षण करून घेण्याबरोबरच चाचणीच्या वेळी अंध व्यक्तींना सहभागी करून घेण्यावर भर आहे, हे लक्षणीय होय.

शिक्षकांसाठी एक विशेष सूचना. माढे तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर रुजविला, आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुस्तकातील त्या छोट्या चौकोनातून मूल आज चित्रफितीपर्यंत पोहोचते. पुढचे पाऊल आपले आहे. त्या चित्रफितीला खाली शब्द आहेत काय, म्हणजे कर्णबधिर मुलालाही ती कळेल? चित्रात काय चालले आहे ते आवाजात सांगितले आहे काय, म्हणजे अंध मुलाचा धडा अर्धवट राहणार नाही?

ग्रामपंचायत सदस्यांनी यापेक्षाही साध्या गोष्टीपासून आरंभ करावा. ग्रामसभेच्या नोटिशीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठविण्याची प्रथा आता सर्वत्र आहे. त्या छायाचित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण व विषय टंकून पाठविले तर गावातील अंध मतदाराला ती नोटीस स्वतः ऐकता येईल. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्या निधीची सूचनाच जर दिव्यांगांना वाचता येणार नाही अशा रूपात निघाली, तर त्यासारखी विसंगती दुसरी नाही.

समारोप

स्वयंचलित तपासणी हे उपयुक्त साधन आहे. ती स्वस्त आहे, जलद आहे आणि ती कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाही. मोजता येईल ते सर्व यंत्राकडून मोजून घ्यावे, म्हणजे न मोजता येणाऱ्या गोष्टींकडे पाहण्यास माणसाला वेळ मिळेल. परंतु अहवालात हिरवी खूण उमटली की आपली जबाबदारी संपली, असे मानणे योग्य नव्हे. मंगळवेढ्याच्या त्या तरुणाचा अर्ज मुदतीत, दुसऱ्या कोणाचीही मदत न घेता, त्याच्या स्वतःच्या हाताने दाखल झाला की नाही, हीच अखेरची कसोटी आहे. ज्या दिवशी कार्यालयाच्या मासिक आढाव्यात निकाली काढलेल्या अर्जांच्या संख्येबरोबर "अडथळ्यामुळे येऊ न शकलेले अर्ज" याचाही विचार होऊ लागेल, त्या दिवशी शासनाचे हे दुसरे कार्यालय खऱ्या अर्थाने सर्वांसाठी उघडले, असे म्हणता येईल.